कोकणातली तांबडी माती टँकमध्ये घालायची तर: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणझाडं लावलेला माशांचा काचेचा टँक, करायचा म्हटलं की दुकानदार आधी अ‍ॅक्वासॉइलची, म्हणजे टँकसाठी खास बनवलेल्या मातीची पिशवी पुढे करतो, ती इंपोर्टेड पिशवी हजारांच्या घरात जाते आणि निम्मे लोक तिथेच थंड पडतात. आमचं गाव लांज्याजवळ, तिथे पाऊल ठेवाल तिथे तांबडी माती, त्यामुळे सहा वर्षांपूर्वी डोक्यात आलं की हीच माती टँकमध्ये का नको. आज डोंबिवलीत घरी दोन टँक आहेत, दोन्ही याच मातीवर, क्रिप्ट आणि व्हॅलिस ही पाणझाडं इतकी पसरलीत की दर महिन्याला कोणाला तरी रोपं वाटावी लागतात.

पण पहिला टँक पार वाया गेला होता. माती दोन इंच घातली, त्यात जवळपास तेवढंच शेणखत मिसळलं, वर वाळूचा नुसता शिडकावा. महिन्याभरात तळातून बुडबुडे यायला लागले, झाडं पिवळी पडली, उपटून बघितलं तर मुळं काळी आणि सडक्या अंड्याचा वास. तेव्हा वाटलं माती वाईट. नंतर कळलं माती चांगलीच होती, ती काम कसं करते तेच मला माहीत नव्हतं. म्हणून आधी तेवढं समजून घ्या, कृती पुढे सांगतोच.

ही माती नेमकं काय करते

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हा पाऊस लाखो वर्षं खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, सिलिका सगळं धुऊन नेत आलाय, मागे राहिलं ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. त्याचाच जांभा झाला आणि त्याचीच ही तांबडी माती. इंग्रजीत जांभ्याला लॅटेराइट म्हणतात, ते नाव फ्रान्सिस बुकानन या माणसाने १८०७ मध्ये दिलं, केरळात लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे बघून, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. आपण चिरे काढतो तेच. १९८० च्या दशकात जर्मनीत प्लांटेड टँकसाठी हाच लॅटेराइट पिशवीत भरून विकला जायचा, म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाहीये.

आता मुद्दा. मातीत लोह भरपूर आहे, पण ते गंजलेलं लोह आहे, पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांना घेता येत नाही. मग झाडाला मिळतं कसं? याचं उत्तर भाताच्या खाचरात आहे. चिखलणी करून पाणी तुंबवलं की काही दिवसांत चिखलातला प्राणवायू संपतो, मग तिथले जिवाणू त्या गंजलेल्या लोहावर जगायला लागतात आणि त्यात ते लोह विरघळणाऱ्या रूपात येतं. खाचराच्या बांधाशी साचलेल्या पाण्यावर कधी कधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो, बघितलाय का? काडीने हलवला तर तेलासारखा परत जुळत नाही, त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे होतात. ते तेल नाही, ते वर आलेलं लोह आहे. आणि भाताचं रोप उपटून मुळं धुवून बघा, पांढऱ्या मुळांवर विटकरी रंगाचा थर असतो, कारण मूळ स्वतःभोवती थोडा प्राणवायू सोडतं आणि तिथे पोचलेलं लोह पुन्हा गंजून मुळालाच चिकटतं.

तुमचा टँक म्हणजे काचेतलं छोटं खाचर. तळाची माती वाळूखाली झाकली गेली की प्राणवायू संपतो, लोह हळूहळू सुटतं, मुळं घेतात. हे एका दिवसात होत नाही, महिना दीड महिना लागतो. आणि जास्त झालं की बाधतं, भातातही लोह जास्त झालं की पानं तांबूस होऊन पीक बसतं. म्हणून थर पातळ ठेवायचा, अगदी पातळ, आणि माझ्या दोन इंचांचं काय झालं ते वर सांगितलंच.

दुसरी गोष्ट, ही माती म्हणजे खत नाही. यात नत्र नाही, पोटॅश नाही, कॅल्शियम नाही. फॉस्फेट आलं तर लोह ते धरून ठेवतं, ते एका अर्थाने बरंच, पाण्यात फॉस्फेट कमी म्हणजे शेवाळाला तेवढं कमी. पण नुसत्या तांबड्या मातीवर झाडं उपाशी राहतात. तिला थोडी सोबत लागते.

माती कुठली आणायची, आणि कुठली नाही

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेकांचं इथेच चुकतं.

आंब्याच्या कलमांखालची माती आणू नका. मी आणली होती, दुसऱ्या टँकच्या वेळी, मामाच्या बागेतली, दिसायला सोन्यासारखी. व्हॅलिस लावली, ती मेली नाही पण वाढेच ना, पानं बोटभर आखूड, गच्च गुच्छासारखी, दोन महिने तशीच. मामाला फोन केला तर म्हणाला, अरे त्या कलमांना कल्टार दिलंय की गेल्या पावसात. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती मातीत घालतात, ते झाडाची वाढ आखडून धरतं, आणि मातीत बरेच महिने टिकतं. पाण्यातल्या झाडांवरही त्याचा तोच परिणाम होतो. ती सगळी माती काढली, नवीन घातली, तीच व्हॅलिस परत लावली, महिन्यात पाण्याच्या वरपर्यंत गेली.

तसंच तणनाशक मारलेल्या बांधावरची नको, रस्त्याकडेची नको, खाडीकाठची खार जमीन तर अजिबात नको. चिरेखाणीच्या बाजूला पडलेला भुगा चालेल का असं खूप जण विचारतात, चालतो, पण तो खरखरीत असतो, चिकणमाती कमी असते, त्यात थोडी खरी माती मिसळावी लागते.

चांगली माती म्हणजे पडीक जागेतली, जिथे कोणी काही पिकवत नाही, वरची फूटभर बाजूला सारून खालची. वर पालापाचोळा आणि मुळं असतात, खाली स्वच्छ चिकणमाती. कोणाच्या घराचा पाया किंवा विहीर खणत असतील तर विचारा, घमेलंभर माती कोणी नाही म्हणत नाही. वारूळ मात्र फोडू नका, माती कितीही बारीक दिसली तरी.

गाव नसेल तर नर्सरीत लाल मातीची पिशवी मिळते, फक्त आधी विचारा की शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलंय का. मिसळलेली असेल तर सोडून द्या.

आणि तीन गोष्टी ज्या लोक तांबडी माती समजून घालतात. गेरू किंवा काव, कुंडी रंगवायची ती, बाजारातल्या पुडीत रंग मिसळलेला असू शकतो आणि शुद्ध असली तरी इतकी बारीक असते की पाणी महिनाभर लाल राहील. शाडू, गणपतीची, ती पांढुरकी असते, लोह नावापुरतंच. आणि देशावरची काळी माती, तिच्यात पोषण धरून ठेवायची ताकद तांबडीपेक्षा कितीतरी जास्त आहे हे खरं, पण ती पाण्यात फुगते, चिखल होऊन वर येते, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. अनुभव आल्यावर दोन्ही मिसळून बघा, पहिल्या टँकला नको.

घरी आणल्यावर तपासणी

व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे, ती माती बाजूला ठेवा. खरी कोकणातली माती गप्प बसते.

मग थोडी भिजवून हातावर वळून बघा. करंगळीएवढी वळी न तुटता झाली तर चिकणमाती पुरेशी आहे, भुसभुशीत होऊन तुटली तर वाळू जास्त. अजून खात्री हवी तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, मग गाळ, आणि सगळ्यात वर चिकणमातीचा मऊ थर, तो बसायला रात्र जाते. पाण्यावर तरंगतं ते सगळं काडीकचरा, तो आपल्याला नकोय. नाकाला लावून वासही घ्या, पहिल्या पावसासारखा वास हवा, औषधाचा किंवा गटाराचा वास आला तर सरळ फेका.

लोहचुंबक फिरवून काही कळत नाही, या मातीतलं लोह बहुतेक गंजाच्या रूपात असतं, त्यामुळे चुंबकाला चिकटलं नाही म्हणून घाबरू नका.

माती तयार करणं

बादलीत माती, वर भरपूर पाणी, हाताने ढवळा, तरंगणारा कचरा गाळणीने काढा, तासभर थांबून वरचं पाणी हळूच ओता. असं तीन वेळा. मग ताडपत्रीवर किंवा जुन्या चादरीवर पसरून उन्हात कडक वाळवा, ढेकळं फोडा, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. दोनदा पुरे, जर खालच्या थरातली माती असेल तर. वरची पालापाचोळ्याची माती असेल तर चार वेळा करा, म्हणजे जे कुजायचं ते टँकच्या बाहेरच कुजून जातं. एप्रिल मे मध्ये हे काम चार दिवसांत होतं, पावसाळ्यात नाद सोडा.

वाळली की रव्याच्या चाळणीतून चाळा. मैद्याच्या चाळणीतून नको, थोडे बारीक खडे राहू दे, त्यांच्यामुळे थर दगडासारखा घट्ट बसत नाही.

आता माप. दोन फुटी टँक धरू, म्हणजे तळ साधारण ६० बाय ३० सेंटीमीटर. एक सेंटीमीटर थराला १.८ लिटर माती लागते, वजनाला दोन किलोच्या आसपास. बस, एवढीच. गावाहून पोतं भरून आणायची काही गरज नाही, आणि आणलीच तर उरलेली कोरडी ठेवा, वर्षानुवर्षं टिकते.

या दोन किलोत एक वाटी जुनं, कोरडं, चाळलेलं गांडूळखत. त्यापेक्षा जास्त नाही. ओलं शेणखत नाही, कोंबडीखत तर मुळीच नाही. तुमचं पाणी मऊ असेल, म्हणजे कोकणातलं विहिरीचं किंवा मुंबईचं भातसा-वैतरणेचं, तर अंड्याच्या टरफलाची बारीक पूड एक चमचा घाला, कॅल्शियमसाठी. बोअरवेलचं पाणी असेल तर नको, त्यात आधीच भरपूर असतं. राख घालू नका, कोणी कितीही सांगू दे, पाण्याचा पीएच एकदम चढतो.

मग थोडं थोडं पाणी घालून भाकरीच्या पिठासारखं मळा. सैल नको, हाताला चिकटता कामा नये.

थर लावणं

रिकाम्या, कोरड्या टँकमध्ये पीठ हाताने थापत जा, एक सेंटीमीटर. समोरच्या काचेपासून दोन बोटं आणि बाजूंनी एक बोट जागा सोडा, तिथे नुसती वाळू येईल, नाहीतर समोरून मातीचा पट्टा दिसत राहतो आणि काचेलगत उजेड लागून हिरवं शेवाळ धरतं. मागच्या कोपऱ्यात जिथे मोठी झाडं येणार तिथे दीड सेंटीमीटर चालेल.

त्यावर वाळू. दाणा एक ते दोन मिलिमीटरचा, नदीची धुतलेली वाळू सगळ्यात चांगली, पाणी निवळ येईपर्यंत धुवायची म्हणजे धुवायचीच. समुद्राची किंवा खाडीची वाळू नको, शिंपल्यांचा चुरा असतो, व्हिनेगर टाकलंत की लगेच कळेल. अगदी पिठासारखी बारीक वाळूही नको, ती खालची माती पूर्ण गुदमरवते. समोर अडीच, मागे चार सेंटीमीटर असा उतार. दोन फुटी टँकला आठ ते दहा किलो वाळू लागते.

दगड किंवा लाकूड ठेवायचं असेल तर ते मातीच्या आधी, थेट काचेवर ठेवा. नंतर मातीवर ठेवलंत तर ते रुतत जातं आणि एक दिवस कलंडतं.

लावणी आणि पाणी

पाणी आधी फक्त दोन इंच. वाळूवर एक ताटली ठेवायची आणि तिच्यावर मगाने बारीक धार सोडायची, धीराने. इथे घाई केली तर माती उसळून वर येते आणि मग पंधरा दिवस नुसता चहा बघत बसावं लागतं.

लावणी चिमट्याने. मूळ वाळूतून खाली मातीला टेकेल एवढं खोल, मग चिमटा तिरका करून बाहेर. सरळ वर ओढलात तर मागोमाग माती येते. आणि पहिल्याच दिवशी दाटीवाटीने लावा, तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी भरला पाहिजे, कारण नवीन मातीतून जे सुटतं ते खायला मुळं हजर हवीत, झाडं कमी असतील तर तेच शेवाळ खातं.

या मातीवर काय चांगलं येतं? मुळांनी खाणारं सगळं. क्रिप्टोकोरायनी, व्हॅलिसनेरिया, अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड, एकायनोडोरसच्या इतर जाती. देठाच्या झाडांत हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि रोटाला रोटुंडिफोलिया, दोन्ही आपल्याकडचीच, पटकन धरतात. सुरुवातीला थोडी तरंगती झाडंही सोडा, ती पाण्यातलं जास्तीचं खाऊन टाकतात, नंतर काढता येतात. अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्नला मातीचा काही उपयोग नाही, ती लाकडाला बांधायची.

क्रिप्ट लावल्यावर आठवड्यात सगळी पानं विरघळून गेली तर उपटू नका! जागा बदलली की ती असंच करते, मूळ जिवंत असतं, तीन चार आठवड्यांत नवीन पानं येतात.

एक विनंती. कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टच्या रानटी जाती आहेत, सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात कितीतरी पाणवनस्पती येतात, कासच्या पठारावरचा वायतुरा तर जगात फक्त आपल्या सह्याद्रीत सापडतो. ती उपटून आणू नका. घरातल्या टँकमध्ये ती बहुधा जगणारही नाहीत आणि तिथून मात्र कायमची जातील.

लावणी झाली की तसंच ताटलीवरून हळूहळू पाणी भरा. थोडं गढूळ होणारच. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात गढूळपणा लवकर बसतो, कारण कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, मऊ पाण्यात ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. तुरटी फिरवायचा मोह होईल, फिरवू नका, पीएच पडतो. निम्मं पाणी सायफनने काढून तसंच हळू भरा, फिल्टरमध्ये फिल्टर वूलचा जाड थर घाला आणि रोज धुवा, तीन चार दिवसांत काच दिसते.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदला, दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात दोनदा, मग आठवड्यातून एकदा. लाइट सहा तास, त्याहून जास्त नको. मासे लगेच नाही, अमोनिया आणि नायट्राइट हे माशांना विष, दोन्ही टेस्टमध्ये शून्य आल्यावरच, साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मुलं मागे लागतात हे माहितीये, तोवर गोगलगायी सोडा, मलेशियन ट्रम्पेट गोगलगाय वाळूत शिरून ती हलती ठेवते. मासेही नंतर गप्पी, टेट्रा, रासबोरा असे घ्या, जमीन उकरणारे सिक्लिड किंवा गोल्डफिश या टँकला नकोत.

साधारण दीड महिन्याने मागच्या काचेतून टॉर्च मारून बघा. तळाची तांबडी माती ठिकठिकाणी राखाडी झालेली दिसेल, मध्येमध्ये काळे ठिपके, आणि जिथे मूळ काचेला टेकलंय तिथे त्याच्या दोन्ही बाजूंनी विटकरी रेघ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आईला बोलावून दाखवलं होतं, ती म्हणाली, हे तर तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुळांसारखं दिसतंय. तेच ते, लोह सुटतंय आणि मुळं काम करतायत. काळे ठिपके म्हणजे लोह आणि गंधक एकत्र आलेलं, त्याने घाबरायचं नाही, उलट विषारी वायू तिथेच बांधला जातो. एखाद दुसरा बुडबुडाही चालतो. सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र बांबूच्या काडीने त्या भागात हळूच भोकं पाडा, दर आठवड्याला थोडी थोडी, सगळा तळ एकदम नाही.

पानं बोलतात ते असं

नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाहीये. माती नवीन असेल तर थांबा. तरंगत्या झाडांचं असेल तर साहजिक आहे, मातीतलं लोह त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, त्यांना द्रवरूप लोह द्यावं लागेल, आणि पाणी सातच्या वर पीएचचं असेल तर बाटलीवर डीटीपीए लिहिलेलं घ्या, लोह विरघळलेलं ठेवणारं साधं ईडीटीए तिथे टिकत नाही. जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर बहुतेक पोटॅश, ते पाण्यातूनच द्यायचं. मातीत अजून माती घालणं हे यातल्या कशावरच औषध नाही.

झाड काढायचं झालं तर ओढू नका, मुळापाशी कात्रीने कापा आणि मूळ आत राहू दे. स्वॉर्डसारखं मोठं झाड हलवायचंच असेल तर त्याच दिवशी पाणी बदलायचं ठेवा.

आणि ज्यांचा टँक आधीच चालू आहे, नुसत्या वाळूचा, त्यांनी सगळं मोडायची गरज नाही. तीच मळलेली माती, त्यात चिमूटभर गांडूळखत, सुपारीएवढ्या गोळ्या करा, उन्हात कडक वाळवा, आणि एकेका झाडाच्या मुळाशी वाळूत खोल दाबा. चार महिन्यांनी पुन्हा. माझ्या धाकट्या भावाचा टँक याच्यावरच चाललाय.

दोन अडीच वर्षांनी खत संपतं, लोह संपत नाही. तेव्हा गोळ्याच देत राहा, किंवा टँक मोडून नव्याने लावा. काढलेली झाडं गावच्या ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका, वाळवून कुंडीत घाला. मातीही फेकू नका. मी मागच्या वर्षी मोठा टँक मोडला तेव्हा ती राखाडी झालेली माती गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवली होती, संध्याकाळी बघतो तर कडेने तांबूस व्हायला लागलेली, दोन दिवसांत पुन्हा लांज्याहून आणली होती तशी लाल. ती आता तुळशीच्या कुंडीत आहे.